बोटांच्या बेचक्यातली ओल

बसून राहणं मला कधीच जमलं नाही. लग्नात पाटावर बसवलं तेव्हा मामाला माझ्या खांद्यावर हात दाबून उभं राहावं लागलं होतं. पुढे खान्देशातून सुरतला आलो आणि सगळी हयात लूमवर उभ्यानं गेली, म्हणजे देवानं स्वभाव बघूनच काम दिलं असं म्हणायला हरकत नाही. म्हणून सर्जननं जेव्हा सांगितलं, "पाय वर करून बसा, जखम भरेपर्यंत कामावर जायचं नाही," तेव्हा जखमेपेक्षा मला त्या बसण्याचीच जास्त धास्ती वाटली.

जखम डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, वरच्या बाजूला होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी असेल. कशी झाली हे धड सांगता येत नाही. स्लिपरचा पट्टा घासला असावा. मला डायबिटीस होऊन बरीच वर्षं झाली, आणि शुगरवाल्याचा पाय मुका असतो, त्याला खुपलं-बोचलं तरी तो सांगत नाही. बायकोनं फरशीवर माझ्या पावलाचा ओला डाग पाहिला आणि ती किंचाळली, तेव्हा मला कळलं की आपल्याला काहीतरी झालंय.

तिच्या किंचाळण्याला कारण होतं. तिच्या वडिलांचा पाय असाच गेला. आधी बोट, मग पंजा, मग गुडघ्यापर्यंत. शुगर वाढलेली असताना म्हातारा चोरून गूळ खायचा आणि लेकीनं विचारलं की तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा. तिनं दर वेळी विश्वास ठेवला. तेव्हापासून तिच्या लेखी शुगरवाला माणूस म्हणजे खोटारडा, मग तो बाप असो की नवरा.

आम्ही राहतो उधन्याला, आणि मी कामाला होतो कडोदऱ्याकडच्या एका खात्यात. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. आमच्या खात्यात वॉटरजेट होते. या लूमला धोटा नसतो. आडवा धागा पाण्याच्या बारीक फवाऱ्यानं इकडून तिकडे फेकला जातो, आणि ते पाणी शेवटी येतं कारागिराच्या पायांवर. पाळीभर ओल्या फरशीवर रबरी स्लिपर घालून फिरायचं. घरी निघताना पाय असे दिसायचे, जणू दिवसभर नदीत कपडे धूत होतो. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, फुगलेली, मध्ये भेग. चिखल्या. पण चिखल्यांना आमच्यात आजार म्हणत नाहीत. ज्याच्या पायाला चिखल्या नाहीत तो नवा आलेला, एवढाच त्यांचा अर्थ. फार खाजलं तर मेडिकलवाल्याकडची ट्यूब असायची, खात्यातल्या खिडकीवर ठेवलेली, सगळ्यांची मिळून एक. लावली की दोन दिवस शांत.

तर सर्जननं जखम साफ केली, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, शुगरची गोळी बदलली आणि सांगितलं, "गोड बंद. जखम स्वच्छ ठेवा."

गोड मी बंद केलं. मनापासून केलं. सासऱ्याचा अर्धा पाय मी स्वतः पाहिला होता, मला काही हौस नव्हती. चहा बिनसाखरेचा, भात चमचाभर, दोन्ही वेळा कळण्याची भाकरी आणि मेथी नाहीतर गिलकी. तेही सुरतेत राहून, जिथे लोक 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण जेवताना ऐकवतात आणि जेवण संपायच्या आत पुढच्या जेवणाचं ठरवतात. हळूहळू शुगर उतरली. सर्जन रिपोर्ट बघून म्हणाला, आता चांगली आहे. पण जखम काही भरेना. कडेनं जरा खपली धरायची, वाटायचं आता बसली, आणि चार दिवसांनी पुन्हा ओली, पुन्हा कडा पांढऱ्या. सर्जन चष्म्यावरून माझ्याकडे बघायचा.

"काका, कुछ खाते तो नहीं ना छुपके?"

म्हणजे बघा. रिपोर्ट त्याच्याच हातात होता आणि संशय माझ्यावर. मी घरी येऊन बायकोला तो रिपोर्ट दाखवला, तर ती म्हणाली, इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर शाळेतली पोरंही शहाणी होतात. कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात असलेला आमचा मुलगा, त्याचा संसार तिकडेच आहे, तोही फोनवर आधी तब्येत विचारायचा सोडून गुजरातीत म्हणायचा, "पप्पा, मीठाई खाता तो नथी ने?" ज्या पोराला मी बोबडं बोलायला शिकवलं तो आता मला परक्या भाषेत चोर ठरवत होता. डोकं फिरायचं माझं. फोन मी बायकोच्या हातात द्यायचो आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचो. मग ती ओरडायची, "बठा ना! पाय वर करा!" की पुन्हा आत.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी इथे चांदी पडवो असतो. सगळं सुरत त्या दिवशी घारी खातं, तुपात न्हालेली, माव्याची. समोरच्या शेजाऱ्यांनी डबा पाठवला. संध्याकाळी बायकोनं डबा उघडला तर त्यात एका घारीची जागा रिकामी. शेजारणीनंच एक कमी ठेवली असेल, मुलांनी येता येता उचलली असेल, मला काय ठाऊक? ती डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही खादी."

"नही खादी."

"मना तोंडकडे दखीसन सांगा."

"नही खादी. हात बी नही लाया."

"मंग हाई जखम काबर भरी नही राहिनी?"

जखम हीच साक्षीदार, आणि ती माझ्या विरुद्ध. खरं सांगतो, खोटं बोलून पकडलं जाण्याचा राग येत नाही इतका खरं बोलून न मानलं जाण्याचा येतो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक प्रश्न ठरलेला: "आज काय काय खादं?" मी उत्तर द्यायचो आणि ती 'हं' म्हणायची. तो 'हं' माझ्या अजून कानात आहे.

आणि त्या प्रश्नाबरोबर यायचं टोपलं, म्हणजे आमच्याकडचं पसरट पातेलं. सर्जननं 'स्वच्छ ठेवा' म्हटलं होतं आणि आमच्याकडे स्वच्छ म्हणजे धुतलेलं. ती कडुलिंबाचा पाला उकळायची, पाणी कोमट करायची आणि मला टोपल्यात पाय बुडवून बसवायची. बराच वेळ. टीव्हीवरची तिची मालिका सुरू होऊन संपेपर्यंत. मी सुटायची धडपड करायचो, बस झालं म्हणायचो, पाणी सांडायचो. ती गुडघ्यावर हात ठेवून दाबून धरायची, थेट त्या मामासारखी. मग फडक्यानं वरवर टिपून, हळद लावून ती पट्टी बांधायची.

ती पट्टी म्हणजे आमच्या खात्यातली चिंधी. हे सुरतेबाहेरच्यांना सांगावं लागेल. ताक्याच्या शेवटचे, डाग पडलेले तुकडे कारागीर घरी नेतात. पांढरं शुभ्र, मऊ, गुळगुळीत कापड, धुतलं की चुटकीसरशी वाळतं. मेडिकलमधली जाळीदार पट्टी जखमेला चिकटायची, काढताना खपली उचकटायची. ही चिंधी चिकटत नव्हती. बायकोला वाटलं, हीच बरी. तिनं एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या, त्यांना हातानं बारीक टीप घातली, धुऊन घडी करून डब्यात ठेवल्या. इतकी मायेनं केलेली पट्टी उभ्या सुरतेत कुणाच्या पायाला नसेल. फक्त सर्जनकडे जाताना ती आठवणीनं मेडिकलची पट्टी बांधायची, पाहुण्यांपुढे चांगली चादर अंथरावी तसं. त्यामुळे त्यानं ती चिंधी कधी पाहिलीच नाही.

दिवाळी गेली. थंडी आली. सर्जन म्हणाला, उत्तराणपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, वाट बघू, नाहीतर करंगळी काढावी लागेल, उशीर केला तर पुढे जास्त काढावं लागतं. 'पुढे' म्हणजे काय हे आम्हा दोघांना सांगायची गरज नव्हती. बाहेर पडल्यावर ती रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली. मला वाटलं रागावली. मग तिचा खांदा हलताना दिसला.

त्यानंतरचे दिवस मी पिंजऱ्यातल्या उंदरासारखे काढले. खाटेवरून खुर्ची, खुर्चीवरून उंबरा. खालच्या मजल्यावर कुणाचे तरी लूम चालायचे, त्यांचा आवाज ऐकून सांगायचो, आता धागा तुटला, आता कुणी गेलं जोडायला, आता उशीर करतोय लेकाचा. करंगळीकडे बघायचो. जन्मभर तिचं कधी काम पडलं नव्हतं आणि आता सगळा संसार तिच्यावर उभा असल्यासारखा वाटायचा. उभ्यानं काम करणाऱ्याचा पाय गेला तर त्यानं करायचं काय? साड्यांना टिकल्या चिकटवायच्या? ते काम बायको करायची. मार्केटमधून गठ्ठे यायचे आणि ती दिवसभर डिंकाची नळी आणि खडे घेऊन बसायची.

मग त्या कामातही तिचा हात अडखळायला लागला. उजव्या हाताच्या बोटांमध्ये कातडी सोलली, मनगटावर गोल चट्टा उठला, मधे साफ आणि कडेला लाल. खाज इतकी की खडे हातातून पडायचे. डिंकानं झालं असेल म्हणून ती खोबरेल लावत राहिली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. नको म्हणाली. मी भांडलो. यात काळजी किती आणि घराबाहेर पडायचं निमित्त किती, याचा हिशेब मला मांडता येणार नाही. शेवटी उधन्यातच एका चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे आम्ही गेलो. तरुण होती, बोलायला फटकळ. बायकोचा हात उजेडात धरून तिनं विचारलं, हात पाण्यात असतो का? घरात अजून कुणाला आहे का असं?

"घरचं काम, आणि यांचा पाय धुते मी रोज," बायको हिंदीत म्हणाली. "यांना शुगर आहे."

डॉक्टरीणबाईनं हात सोडला आणि माझ्याकडे खुर्ची वळवली. "काका, चंपल काढो."

मी पट्टीचा डावा पाय मोठ्या तोऱ्यात पुढे केला. ती म्हणाली, हा नाही, दुसरा. दुसऱ्या पायाला काही झालं नव्हतं, तरी तिनं बॅटरी घेऊन त्याची बोटं एकेक फाकवली आणि बेचक्यात पाहिलं. मग डावा पाय घेतला, पट्टी सोडली, दोन बोटांत ती चिंधी चोळून बघितली.

"आ तो साडीनुं कापड छे!"

इतक्या दिवसांत एवढे डॉक्टर, कंपाउंडर, शेजारी माझ्या पायाकडे बघून गेले, पण बोटं फाकवून बघणारी ती पहिली. तिनं बेचक्यातली पांढरी साल पात्यानं खरवडून काचेवर घेतली, वर औषधाचा थेंब टाकला आणि थोड्या वेळानं मला दुर्बिणीत बघायला बोलावलं. मी डोळा लावला. धागे होते. जन्मभर धागेच बघितले, पण असे कधी नाही. ताणा नाही, बाणा नाही, फांद्या फुटलेला नुसता गुंता.

ही बुरशी, ती म्हणाली. दोन्ही पायांत आहे, आणि पाय धुता धुता बाईंच्या हाताला लागली. या बुरशीनं काकांच्या कातडीला भेग पाडली, त्या भेगेतून जखम झाली, आणि जोवर ती बेचक्यात बसली आहे तोवर जखमेची कड वाळणार नाही. वरून कितीही औषध लावा, खालून ओल येतच राहणार. शुगर असली की तिला आणखी फावतं. म्हणून शुगर सांभाळायचीच, ती सुटली असं समजू नका. पण रिपोर्ट बघता सध्या काकांचा काही गुन्हा दिसत नाही. मी खात्यातल्या ट्यूबचं सांगितलं तर म्हणाली, ती पुन्हा लावू नका, तिनं खाज दबते आणि बुरशी पोसते. हे प्लास्टिकचं कापड बंद, त्यातून वारा जात नाही.

माझी छाती फुगली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी इतके दिवस बोंबलून सांगत होतो, आणि आता एक शिकली-सवरलेली बाई बायकोसमोर तेच म्हणत होती. घारीच्या त्या रिकाम्या जागेचा निकाल लागल्यासारखं वाटलं. मी बायकोकडे वळलो, आता बघ म्हणून.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, रोज धुता म्हणजे नक्की काय करता? बायकोनं सांगितलं. पाला, कोमट पाणी, टोपलं, मालिका संपेपर्यंत. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण समोरचा चेहरा बदलत होता.

"पग पाणीमां बोळी राखवानुं कोणे कीधुं?" डॉक्टरीणबाई कडाडली. शुगरवाल्याचा पाय पाण्यात भिजत ठेवायचा नसतो हे माहीत नाही? बोटं कोरडी करायची सोडून रोज बुरशीला पाणी पाजलंत? करंगळी जायची वेळ आली. कोणाचं डोकं हे?

बायकोनं तोंड उघडलं. तिचा चेहरा मी असा एकदाच पाहिला होता, वडिलांचा पाय कापून आणला त्या दिवशी. सोललेली बोटं तिनं पदराखाली नेली.

"माझंच," मी म्हटलं. "मीच हट्ट करतो. पाण्यात पाय घातला की मला बरं वाटतं. ही नको नको म्हणते." म्हणताना माझा हात कानाच्या पाळीवर गेला आणि मी ती चोळत राहिलो.

डॉक्टरीणबाईनं मला असं झाडलं की विचारू नका. या वयात अक्कल नाही, बायको बिचारी ऐकते म्हणून काहीही करता. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. इतक्या महिन्यांत मी कितीतरी खरं बोललो आणि कुणी मानलं नाही. हे एक खोटं बोललो, ते लगेच खरं ठरलं.

घरी आल्या आल्या बायकोनं टोपलं पालथं करून गॅलरीत ठेवलं आणि चिंध्यांचा डबा कचऱ्यात रिकामा केला. डॉक्टरीणबाईनं पाय टिपायला मऊ सुती फडकी सांगितली होती, प्रत्येक पायाला वेगळी. ती शोधायला लागली. साड्या पॉलिएस्टर, पडदे पॉलिएस्टर, चादरी पॉलिएस्टर, पिशव्यासुद्धा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सगळ्या देशाला कापड पुरवणाऱ्या शहरात आमच्या घरी सुताची चिंधी नव्हती. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं, माझं धुतलेलं बनियन दोरीवरून ओढलं आणि साड्यांच्या कात्रीनं त्याचे चौकोन केले. जखमेवरची पट्टी मात्र आता मेडिकलचीच.

मग रोज तेच. धुणं मिनिटभर, टिपणं मात्र सावकाश, एकेका बेचक्यात फडक्याचं टोक घालून. आधी स्वतःच्या हातात मोजे, मग मलम, गोळ्या वेळेवर. आणि तो प्रश्न बंद. आज काय खादं, हे ती विचारीना. पहिल्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी मी अस्वस्थ झालो. संध्याकाळ झाली की मी त्या प्रश्नाची वाट बघायचो, तो आला नाही की उगाच घरभर फिरायचो आणि बोलणी खायचो. एकदा मीच म्हटलं, "आज भाकर आन् मेथी खादी. गोड कायच नही."

"मी इचारं का?" ती म्हणाली, आणि फडकं पिळून दोरीवर टाकायला गेली.

मला कळेना की ही रागावली आहे, की लाजली आहे, की माझ्या त्या डॉक्टरीणबाईसमोरच्या मोठेपणाचं हिला ओझं झालंय. सरळ विचारायचं धाडस होईना. लूमचा धागा कुठे तुटला हे मला आवाजावरून कळतं, पण घरातलं कळत नाही.

उत्तराणच्या आदल्या दिवशी सर्जनकडे गेलो. त्यानं पट्टी सोडली, बोटानं दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. जखमेच्या कडा कोरड्या होत्या आणि गुलाबी कातडी आत सरकत होती. "अभी काटने की बात नहीं," तो म्हणाला. "ऐसे ही चलने दो." बायकोनं तिथेच, त्या ओल्या पोछ्याच्या वासात, भिंतीला हात टेकला आणि मग वाकून माझी चप्पल पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग पतंग उडवायला गच्चीवर गेली. वरून 'काटी काटी'चा ओरडा येत होता, शेजारणीनं तिळाच्या चिक्कीची ताटली आणून ठेवली होती. मी खुर्चीत, पाय स्टुलावर. बायको खाली बसून बनियनच्या फडक्यानं बोटं टिपत होती. ताटलीतल्या चिक्क्या तिनं मोजल्या नव्हत्या, ताटली सरळ माझ्या हाताशी ठेवली होती. ते मी पाहिलं.

करंगळीच्या बेचक्यात आली तेव्हा ती मान वर न करता म्हणाली,

"त्या दाक्तरीन बाईजवळ तुम्ही खोटं बोलनात, तव्हय तुमना हात कानवर गया."

"मंग?"

"घारीना दिनले मी तुमनाकडेच दखी राहिंती," ती म्हणाली. "तुमना दोन्ही हात मांडीवर व्हतात."